अठरा किलोचा आवाज

आमच्या वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात बी मोजायचा जो मोठा काटा आहे, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास. गेली अकरा वर्षं त्याच्याच आकड्यांवर मी हिशेब लिहितोय. आषाढातल्या एका शनिवारी बायका घरी गेल्यावर मी त्या काट्यावर एक स्पीकर चढवला. अठरा किलो तीनशे ग्रॅम. तो उतरवून दुसरा चढवला. सतरा किलो नऊशे.

काट्यावरचा मुलगा म्हणाला, "दादा, जोडी ना ही? मग चारशे ग्रॅम खय गेले?"

मी हसण्यावारी नेलं. चांगला स्पीकर जड असतो, एवढं मला कुठूनतरी माहीत होतं, आणि अठरा किलो म्हणजे जडच. त्या आनंदात चारशे ग्रॅमची कोण फिकीर करतो? पण खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणातला पहिला शहाणा प्रश्न त्या पोराने विचारला होता.

स्पीकर कुडाळहून आणले होते. हायवेला लागून एका निवृत्त काकांचं घर आहे. त्यांचा मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन स्थिरावला आणि काकांनी माळ्यावरचं एकेक सामान काढायला सुरुवात केली. ओळखीतून मला निरोप आला, 'इंपोर्टेड स्पीकरची जोडी आहे, तुला गाण्याचं वेड, बघून जा.' गेलो. हॉलमध्ये साडेतीन फुटांचे दोन काळेभोर खांब उभे. पुढून जाळी काढली की वरपासून खालपर्यंत पाच गोल. जाड आवाजाचे दोन मोठे वूफर, मधला एक, आणि वर बारीक आवाजाचे दोन छोटे चकचकीत ट्वीटर. प्रत्येक गोलाभोवती स्टीलसारख्या बोल्टची माळ. कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते एका नामांकित कंपनीच्या नावासारखंच होतं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. घाईत वाचलं तर तेच वाटावं, इतकं जवळचं.

काकांनी कपाटातून एक लॅमिनेट केलेलं माहितीपत्रक काढलं. त्यावर छापील किंमत ६४,००० रुपये. काका म्हणाले, "मी बारा हजारांना घेतलेले. २०१३ साली. तू नऊ दे." शेवटी साडेपाच हजारांवर तुटलं. रिक्षावाल्याने आणखी सातशे घेतले, कारण मागची सीट पूर्ण काढावी लागली.

मला स्पीकर हवे होते ते बाबांसाठी. बाबा गिरणीत होते, परळला. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. येताना त्यांनी लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेला एक अँप्लिफायर आणि लाकडी खोक्यात बसवलेला फिलिप्सचा एकच आठ इंची स्पीकर आणला होता. बाबा वाडीच्या भजनात बुवा होते. त्यांच्या आवाजातल्या सात-आठ कॅसेट भाच्याने मागच्या वर्षी पेनड्राइव्हवर घेऊन दिल्या. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. गणपतीच्या खोलीत बाबांचा आवाज बऱ्या स्पीकरवर लावायचा, एवढीच माझी इच्छा.

घरी आणून जोडले आणि पहिलंच भजन लावलं. आवाज मोठा होता, हे कबूल. मुलगा म्हणाला, "भारी!" पण बाबा कुठे आहेत ते मला कळेना. पेटी समोरून येत होती, झांजा कानात घुसत होत्या आणि बाबांचा आवाज भिंतीतून आल्यासारखा, पसरलेला, पत्ता नसलेला. मृदंगाच्या धुम्यावर, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवर, थाप पडली की 'धुं' यायच्या ऐवजी रिकाम्या डब्यावर मारल्यासारखं 'ढब'. प्रत्येक थापेला तोच ढब. आणि अर्ध्या तासाने अँपला हात लावला तर तो इस्त्रीसारखा तापलेला. चाळीस वर्षांत तो कधी इतका तापला नव्हता.

तेव्हा मी आबांकडे गेलो.

आबा म्हणजे बाजारातले रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. वय सत्तरीपलीकडे. तरुणपणी मुंबईत दहा-बारा वर्षं अँप बांधायचं काम केलेले. आता दुकानात रिमोट आणि इन्व्हर्टर जास्त, पण एक जुना टर्नटेबल कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. त्यांनी मला सगळं सांगू दिलं आणि विचारलं, "वजन करून घेतलंस काय रे?"

मी म्हटलं, "घेतल्यावर केलं. अठरा किलो."

"वजन बघून बांगडे घेतत, स्पीकर न्हय. घेऊन ये. आणि ता छापलेला कागद पण घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून दोन्ही नेले. मला वाटलं आबा लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतील. त्यांनी आधी चहा सांगितला आणि चष्मा लावून माहितीपत्रक वाचायला घेतलं, पंचांग वाचावं तसं. मी शाळेत असताना कुणी असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं. एकेका ओळीवर बोट ठेवून ते थांबत होते.

पहिलं बोट '१२०० वॅट पीएमपीओ' वर. हे पीएमपीओ आमच्या पिढीला पाठ आहे. नव्वदच्या दशकात मनगटाएवढ्या टेपरेकॉर्डरवरही हजार-हजार वॅट लिहिलेले असत. ते मोजायची ठरलेली पद्धतच नाही, क्षणभराचा कल्पनेतला सर्वात मोठा आकडा घ्यायचा आणि छापायचा. अमेरिकेत १९७४ साली अँप्लिफायरचे वॅट कसे मोजून जाहीर करायचे याचा सरकारी नियम करावा लागला, तो अशाच आकडेबाजीमुळे. खरा उपयोगाचा आकडा म्हणजे आरएमएस, सतत झेपणारी ताकद. ती या कागदावर कुठेच नव्हती.

आबांनी पेन्सिलीने कागदाच्या मागे गणित मांडलं. बाराशे वॅट आठ ओहम रोधाच्या स्पीकरात ओतायचे तर सुमारे ९८ व्होल्ट आणि १२ अँपियर लागतात. "तुझ्या घरातली इस्त्री हजार वॅटची. तिची वायर बघ आणि ह्या खोक्याच्या पाठची वायर बघ." पाठीमागून जी वायर बाहेर आली होती ती लग्नातल्या माळेच्या लाइटला असते तेवढी.

मग 'डिजिटल रेडी'. स्पीकर म्हणजे कागदाचा कोन, तारेचं वेटोळं आणि चुंबक. त्यात डिजिटल व्हायला काही नाहीच. त्यानंतर '२० ते २०,००० हर्ट्झ'. माणसाच्या कानाला जेवढं ऐकू येतं ते सगळं, एका ओळीत. आबा म्हणाले, यापुढे किती डेसिबलच्या फरकाने, म्हणजे आवाज किती कमीजास्त होऊन, ते लिहिलेलं नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही. वीस हर्ट्झला मुंगीच्या पावलाएवढा आवाज आला तरी कागदावर 'आला' म्हणता येतं. 'इंपीडन्स ४-८ ओहम' हेही तसंच. इंपीडन्स म्हणजे तोच रोध. जोडीला सहसा एक आकडा असतो. चार, सहा, नाहीतर आठ. मध्ये रेघ मारून दोन्ही लिहिणं म्हणजे मुलीकडच्यांना वय 'पंचवीस ते चाळीस' सांगण्यासारखं. (ही उपमा आबांची. आबांनी हयातभर लग्नं जुळवली आहेत, तेही लिहून ठेवतो.)

शेवटी त्यांनी कागद उलटा केला, बॉक्सच्या पाठी पाहिलं, काकांनी जपून ठेवलेल्या खोक्याचा पुठ्ठाही पाहिला. कुठेही कारखान्याचा पत्ता नाही. आयात करणाऱ्याचं नाव नाही. महिना-वर्ष नाही. 'जर्मन टेक्नॉलॉजी' एवढे दोन शब्द होते, पण 'मेड इन' च्या पुढे काही नाही. आपल्याकडे २०११ पासून लागू असलेल्या वैधमापनशास्त्राच्या नियमांत पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. काजूच्या पाव किलोच्या पाकिटावरही आम्ही तो छापतो. छापला नाही तर मलाच नोटीस येईल. दिवसभर मी पाकिटांवर हेच तपासतो आणि साडेपाच हजारांच्या खोक्यावर ते बघायचं मला सुचलं नाही.

आणि अनुक्रमांक. दोन्ही बॉक्सवर अनुक्रमांकाचा चंदेरी स्टिकर होता. दोन्हीवर एकच क्रमांक.

एवढं झाल्यावर मला राग यायला लागला होता, पण काकांचा नाही. काकांनी २०१३ मध्ये ते कसे घेतले ते मला त्यांनीच हौसेने सांगितलं होतं. हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी एक पांढरा टेम्पो. दोन तरुण, शर्ट इन केलेले. 'गोव्यात हॉटेलची ऑर्डर होती, ऑफिसने चुकून दोन जोड्या जास्त चढवल्या. परत नेल्या तर गोडाऊनला हिशेब द्यावा लागेल. तुम्ही सांगा काय देता.' बिल नाही, कारण माल हिशेबाबाहेरचा. घाई, कारण टेम्पो निघायचाय. आणि घेणाऱ्याच्या मनात बारीकशी गुदगुली की यांच्या चुकीचा फायदा आपल्याला होतोय. अमेरिकेत या धंद्याला 'पांढऱ्या व्हॅनचे स्पीकर' असं नावच पडलेलं आहे. तिकडेही हीच व्हॅन, हीच जास्तीची जोडी, हेच चकचकीत माहितीपत्रक. कुडाळपर्यंत येताना गोष्टीत फक्त हॉटेल गोव्याचं झालं.

चहा संपला. आबांनी ड्रॉवरमधून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला.

ही युक्ती कुणालाही करता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेलच्या दोन टोकांना वायरचे दोन तुकडे लावायचे आणि स्पीकरच्या पाठच्या लाल-काळ्या टोकांना क्षणभर टेकवायचे. धरून ठेवायचे नाहीत, फक्त टक् करायचं. चालू वूफरचा कोन पुढे उडी मारतो आणि 'ठप्प' असा आवाज येतो. आबांनी टेकवलं. वरच्या वूफरने उडी मारली. खालचा ढिम्म. पुन्हा टेकवलं. वरचा ठप्प, खालचा तसाच.

"हो बोलणा नाय. नुसतो बसलेलो आसा."

मी वाचलेलं थोडं पाजळलं. म्हटलं, "आबा, काही कंपन्या मुद्दाम बिनचुंबकाचा कोन बसवतात ना? पॅसिव्ह रेडिएटर?" त्यांनी मान डोलावली. असतो. चांगल्या स्पीकरात असतो. पण तो हवाबंद खोक्यात असतो आणि पहिला कोन हलका आत दाबला की हवेच्या दाबाने दुसरा बाहेर येतो. त्यांनी माझाच हात धरून वरचा कोन दाबायला लावला. खालचा हलला नाही. हलणार कसा? पाठीमागे मुठीएवढं भोक होतंच, हवा तिकडून गेली. भोकात बोट घालून पाहिलं तर मातीचं काहीतरी हाताला लागलं. कुंभारणीचं घर. बारा वर्षं माळ्यावर राहून त्या बॉक्सात खरं काम फक्त त्या माशीने केलं होतं.

मग त्यांनी दुसरा स्पीकर घेतला आणि तेच केलं. लाल टोकाला सेलचं अधिक, काळ्याला उणे. याचा कोन पुढे न येता आत गेला.

आबा पहिल्यांदाच खुशीत हसले. "तुझे बाबा भिंतीत कित्याक गेले ता कळला?"

मला कळलं नव्हतं. त्यांनी समजावलं. दोन्ही बॉक्सना एकच आवाज मिळाला की दोन्ही कोन एकदम पुढे आले पाहिजेत. इथे एकाच्या आतल्या वायरी उलट्या डागल्या होत्या. एक हवा पुढे ढकलत होता, दुसरा त्याच वेळी मागे ओढत होता. जाड आवाज एकमेकांना खातात आणि मधोमध उभा राहायला हवा तो गाणारा कुठेच उभा राहत नाही. बाबांचा आवाज मी जो 'पत्ता नसलेला' म्हणत होतो, तो तंतोतंत हाच प्रकार. आबांनी बाहेरच्या वायरी त्या एका बॉक्सपुरत्या उलट केल्या आणि दुकानातल्या अँपवर बाबांचं तेच भजन लावलं. बाबा दोन बॉक्सच्या बरोबर मधे येऊन बसले. खर्च शून्य. मी दोन मिनिटं काही बोललो नाही. आबाही नाही बोलले, त्यांनी बाबांना ऐकलेलं होतं.

मल्टिमीटरने बाकीचं उलगडलं. ओहमवर ठेवून टोकांना लावला, एकीकडे ३.६, दुसरीकडे ३.५. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, चार ओहमचा साडेतीनच्या आसपास. म्हणजे हे चार ओहमचे. बाबांचा अँप आठ ओहमसाठी बांधलेला. निम्मा रोध लावला की तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट, म्हणून तो तापत होता. आठवडाभर असाच जोरात लावला असता तर आतले ट्रान्झिस्टर गेले असते आणि मी दोष चाळीस वर्षांच्या अँपला दिला असता.

ट्वीटर आणि मधला स्पीकर सेलवर कळत नाहीत, कारण त्यांच्या वाटेवर कपॅसिटर असतो आणि तो सेलचा करंट अडवतो. त्यासाठी आबांनी वहीचं पान फाडून सुरळी केली. गाणं बारीक आवाजात लावायचं, सुरळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका गोलाजवळ. डॉक्टर छाती तपासतात तसं मी पाचही गोल तपासले. वरचा वूफर बोलत होता. दोन ट्वीटरपैकी एक बोलत होता. बाकी तिघे गप्प. पाचांतले दोन.

"आता खोल," आबा म्हणाले.

ते स्टीलचे बोल्ट फिरेनात. नखाने खरवडल्यावर चांदीचा रंग सुटला आणि खाली काळं प्लास्टिक निघालं. बोल्ट नव्हतेच, कडीवर बोल्टचा आकार साच्यात ओतलेला होता. खरे स्क्रू चार, कडीच्या खाली लपलेले, खाऱ्या हवेने गंजलेले. एकाचं डोकं तुटलं. कडी निघाली आणि आठ इंची दिसणारा वूफर साडेसहा इंचांचा झाला, बाकी सगळी कडीची रुंदी. पाठी मात्र मोठं थोरलं चुंबक दिसत होतं. आबांनी ते टिचकीने वाजवलं आणि बोटांनी उपटलं. वाटीसारखं काळं प्लास्टिकचं टोपण हातात आलं. आत खरं चुंबक, मारी बिस्किटापेक्षा जरासं मोठं. कोनाच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला, हे मात्र कंपनीचं पाप म्हणणार नाही. आपल्या दमट हवेत फोमची कड चांगल्या चांगल्या स्पीकरांची जाते. कोकणात जुने स्पीकर घ्यायचे तर कड रबराची किंवा कापडाची बघावी. फोमची असेल तर ती बदलायचा खर्च आधीच धरावा.

आत हात घालून मी चाचपलं. खोक्याची भिंत नऊ मिलिमीटरची, पार्टिकल बोर्डाची, आणि बाहेरचं ते शिसवी लाकूड म्हणजे चिकटवलेला कागद. खालचा कोपरा पाणी पिऊन पावासारखा फुगलेला. आवाज शोषायला जो कापूस किंवा लोकर भरतात ती नावालाही नाही, म्हणूनच तो ढब. क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, त्याच्या जागी ट्वीटरच्या पायालाच डागलेला एक ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आठ ओहमचा ट्वीटर धरला तर हा साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचं तेवढं आत सोडतो. वूफरच्या वाटेवर काहीच नाही, त्याला सगळंच पाठवलेलं. याला फसवणूक म्हणायची का यावर आमचा थोडा वाद झाला. आबांचं म्हणणं, स्वस्त खोक्यात एकच कपॅसिटर असतो, त्यात गैर नाही. गैर आहे ते माहितीपत्रकात पाच घटकांच्या क्रॉसओव्हरचा फोटो छापणं. मला ते पटलं.

आणि मग तळाशी हाताला काहीतरी थंडगार, खरखरीत लागलं. टॉर्च मारला. एमसीलने चिकटवलेली सिमेंटची लादी.

आबांनी डोकं आत घालून पाहिलं. "घराक लादी लावूची होती मा तुका? मगे बरा झाला."

दोन्ही बॉक्समधून लाद्या छिन्नीने सोडवल्या. मी हट्टाने कारखान्यात नेऊन काट्यावर ठेवल्या. एक सहा किलो आठशे, दुसरी सहा किलो चारशे. काट्यावरच्या पोराला हाक मारून दाखवलं, "हे बघ तुझे चारशे ग्रॅम." तो म्हणाला, "मी तेव्हाच विचारलेलं."

घरी आल्यावर एक प्रयोग मी आपल्या मनाने केला. मोबाइलवर एका सुरात आवाज काढणारं फुकट अ‍ॅप मिळतं. दोनशे हर्ट्झपासून सुरू करून खाली खाली उतरत गेलो. दीडशेला ठीक. एकशेदहाला सगळं खोकं गुरगुरलं, टेबलावरचा पेला सरकला. ऐंशीला आवाज निम्म्याच्याही खाली. साठला फक्त कोन थरथरताना दिसतो, ऐकू येत नाही. चाळीसला काही नाही. कागदावरचे वीस हर्ट्झ फार लांब राहिले. पण तो एकशेदहाचा गुरगुराट ऐकून मला कळलं की पहिल्या दिवशी मुलगा 'भारी' का म्हणाला. ज्याला लोक बास म्हणतात ते पुष्कळदा खोक्याचं थरथरणं असतं. हॉलमध्ये उभं राहून पाच मिनिटं ऐकलं तर ते आवडतंही. तासभर ऐकलं की डोकं धरतं. स्पीकर घ्यायला जाताना आपल्याला पाठ असलेलं गाणं न्यावं, विकणाऱ्याने लावलेलं ऐकू नये, हे मला इथे उमगलं. आपल्या माणसाचा आवाज तर उत्तमच. तिथे कान फसत नाही.

मग बाबांचा फिलिप्सचा आठ इंची जोडला. एकटा, मोनो. खाली फार जात नाही, वरही फार जात नाही. पण बाबांचा खालचा सा लावतानाचा खाकरा, पेटीच्या भात्याचा श्वास, मागे कुणीतरी 'वाह' म्हणतं ते, सगळं जागच्या जागी. त्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव, ओहम आणि वॅट छापलेले आहेत. वॅटचा आकडा एक अंकी.

चतुर्थीला शेवटी काय लावलं, असं विचाराल तर दोन्ही. आबांनी बॉक्सच्या आत जुन्या गोधडीचे तुकडे ठोकून दिले, कड रबराची बसवली, उलट्या वायरी आतूनच सरळ केल्या आणि दोन्ही बॉक्स एकापुढे एक जोडून अँपला आठ ओहम दिसतील अशी सोय केली. अशी जोडणी केली की स्टिरिओ जातो, पण कॅसेटच मोनो होत्या, बिघडलं काही नाही. आबांनी मजुरी आणि सामान मिळून नऊशे घेतले. ढब बराच गेला. आरत्या आणि पोरांची गाणी त्या काळ्या खांबांवर, आणि रात्री भजनी मंडळी गेल्यावर बाबा फिलिप्सवर. लाद्या विहिरीपाशी कपडे धुवायला टाकल्या आहेत, भक्कम आहेत.

विसर्जनानंतर कुडाळला काम निघालं तेव्हा काकांकडे गेलो. भांडायला नाही. खरं तर ते प्लास्टिकचं चुंबकाचं टोपण दाखवायचा मोह आवरत नव्हता. काकांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. काकी आतून सोलकढी घेऊन आल्या आणि टोपण बघून म्हणाल्या, "ह्यात मीठ ठेवतात का?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याच टेम्पोतून माझ्या मेव्हण्याने पण एक घेतलेलं. होम थिएटर. ते पण माळ्यावरच आहे. बघतोस?"

खाली आणलं. धूळ झटकली. सबवूफरवर सोनेरी अक्षरांत '८००० वॅट'. मी आबांसारखा चष्मा सारखा केला आणि सरळ पाठीमागे पाहिलं. यात अँप आतच असतो, म्हणजे विजेची वायर असते, आणि वायर असली की फ्यूज असतो. फ्यूजची टोपी फिरवून काचेची नळी बाहेर काढली. धातूच्या टोपणावर बारीक अक्षरांत १ अँपियर.

"काका, घरात २३० व्होल्ट येतात. एक अँपियरचा फ्यूज म्हणजे सगळे मिळून २३० वॅटच्या वर हे डबडं भिंतीतून ओढूच शकत नाही. ओढलं तर फ्यूज जाईल. आठ हजार कुठून आणणार?"

काकांनी नळी उजेडात धरून आकडा स्वतः वाचला. पुन्हा वाचला.

"पण चालू आहे ना?"

प्लग लावला. निळा दिवा लागला, वूफरने हूं केलं. म्हटलं, चालू आहे.

"मग ह्याचे किती येतील?"